गिटारला जामीन

कर्जाच्या फायलींत जामीनदाराची सही शोधण्यात माझी वीस वर्षे गेली. पण चिरंजीवांच्या गिटारला जामीन कोण, हे पाहायचे राहून गेले. सोसायटीच्या गणपतीत ऐन गाण्यात पट्टा बटणावरून निसटला! गुडघ्यावर झेलली म्हणून गिटार वाचली. चामड्याचे भोक वापरून सैल झाले की असेच होते. दुकानदार म्हणाला, "लॉक बसवा." किंमत ऐकून मी घरी आलो आणि गळक्या नळासाठी आणलेला रबरी वॉशर ओढूनताणून पट्ट्यावरून बटणावर चढवला. पट्टा जागचा हलेना! एरवी "हं" पलीकडे न बोलणारे चिरंजीव आता कार्यक्रमाआधी म्हणतात, "बाबा, वॉशर बघता जरा?"

नळ अजून गळतोच आहे. हिला सांगू नका.