गुरांची वाट आणि चिमूटभर माती

अमेरिकेतल्या युटा राज्यात बोल्डर नावाचे लहानसे गाव आहे. इतके आडबाजूला, की विसाव्या शतकातही बराच काळ तिथले टपाल खेचरांच्या पाठीवरून येत असे. या गावापासून पूर्वेला, तांबड्या खडकांच्या दऱ्यांमधून ‘बर ट्रेल’ नावाचा रस्ता निघतो. आमची लेक आणि जावई त्या राज्यात राहतात. गेल्या सप्टेंबरात अर्जित रजा काढून आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा या रस्त्याने जाण्याचा योग आला.

रस्त्याचे नाव जॉन अटलांटिक बर या गुरेवाल्यावरून पडले. १८४६ साली अटलांटिक महासागरात, जहाजावर त्यांचा जन्म झाला, म्हणून मधले नाव असे! हिवाळ्यात गुरे खालच्या रानात आणि उन्हाळ्यात वर डोंगरावर न्यायची, त्यासाठी ही वाट पडली. आपले धनगर पाऊस संपला की मेंढरे घेऊन कोकणात उतरतात, त्यातलाच हा प्रकार. चारा आणि पाणी जिकडे, तिकडे वाट.

पुढे या वाटेवरून मोठा वाद झाला. स्थानिक प्रशासनाला रस्ता सुधारायचा होता, तर निसर्गरक्षक संस्थांना तिथली शांतता मोडायची नव्हती. १९८७ साली प्रकरण कोर्टात गेले. आज बोल्डरपासून कॅपिटल रीफ राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीपर्यंत सुमारे पन्नास किलोमीटर डांबर आहे. उद्यानात मात्र रस्ता कच्चाच आहे.

पहिल्या टप्प्यातली ‘लाँग कॅनियन’ म्हणजे दहा-अकरा किलोमीटर लांबीची तांबडी घळ. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, आणि मध्ये आपली मोटार मुंगीसारखी. वर्षाकाठी पाऊस सुमारे दोनशे मिलिमीटर. आपल्या माण-आटपाडीकडे त्याच्या दुपटीहून अधिक पडतो, तरी आपण त्याला दुष्काळी भाग म्हणतो.

एका ठिकाणी उतरलो, तर जमिनीवर काळसर, खडबडीत पापुद्रा दिसला. लेक म्हणाली, “बाबा, त्यावर पाय देऊ नका. ती जिवंत माती आहे.” वाकून पाहिले आणि ओळख पटली. भातखाचरासाठी आपण ज्या निळ्या-हिरव्या शेवाळाची शिफारस करतो, त्याच जातकुळीतले जीव तिथे वाळूचे कण बांधून ठेवतात आणि हवेतला नत्र जमिनीला देतात. बुटाच्या एका ठशाने मोडलेला पापुद्रा पुन्हा धरायला कित्येक वर्षे लागतात. माणसाची चाहूल नसलेल्या त्या रानातही जमीन आपले काम गुपचूप करीत होती.

उद्यानाच्या हद्दीत ‘वॉटरपॉकेट फोल्ड’ नावाची, सुमारे दीडशे किलोमीटर लांबीची खडकाची घडी आडवी येते. तिच्या अंगावरून रस्ता नागमोडी वळणांनी आठशे फूट खाली उतरतो. कठडा नाही, डांबर नाही. सौभाग्यवतींनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. जावई सावकाश, पहिल्या गिअरमध्ये मोटार उतरवीत होते. समोर हेन्री पर्वताची रांग होती आणि तिच्यावर निळेकाळे ढग जमले होते.

तळाशी पोचलो तेव्हा आमच्या डोक्यावर ऊन होते. पुढे उत्तरेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर हमरस्ता आणि त्यापुढे मुक्काम. वाटेत बहुतेक रस्ता कच्चा. जावई म्हणाले, “बाबा, दीड तासात पोचू. ढग अजून लांब आहेत.”

मी रस्त्याकडेची करडी माती चिमूटभर घेतली, बाटलीतले पाणी घालून मळली आणि अंगठ्याने तिची फीत काढली. फीत तुटता तुटेना. बोटे साबण लावल्यासारखी बुळबुळीत झाली. ही बेंटोनाइटची चिकणमाती, म्हणजे आपल्या काळ्या रानातल्या चिकणमातीची सख्खी बहीण. कोरडी असताना दगड, भिजली की लोणी. जून महिन्यात काळ्या रानात बैलगाडीची चाके कशी मातीने थबडून बसतात, ते वाचकांना सांगायला नको. शिवाय या मुलखात दूरवर पडलेल्या पावसाचे पाणी कोरड्या ओढ्यातून अचानक लोंढ्याने येते.

मोटारीत चार वर्षांची नात झोपलेली. फोनला रेंज नाही. मी म्हटले, “जावईबापू, मोटार तुमची, रस्ताही तुमच्या ओळखीचा. पण ही माती माझ्या ओळखीची आहे. ती भिजली तर आपण रात्रभर इथे.” त्यांनी माझ्या बोटांवरचा लेप पाहिला, क्षणभर विचार केला आणि मोटार वळवली. ज्या घाटाने उतरलो तोच पुन्हा चढलो. डांबराला लागलो आणि अर्ध्या तासात पाठीमागे आभाळ फुटले. दुसऱ्या दिवशी चौकशी केली, तेव्हा तो खालचा रस्ता बंद असल्याचे कळले.

डोंगरावरच्या पक्क्या रस्त्याने फेरा घालून आम्ही फ्रूटाला गेलो. १८८०च्या दशकात आलेल्या मोजक्या कुटुंबांनी फ्रीमाँट नदीचे पाणी पाटाने वळवून त्या कड्यांच्या कुशीत फळबागा लावल्या. गाव आता उठले आहे, पण बागा उद्यानाच्या खात्याने राखल्या आहेत. हंगामात खुल्या बागेत फळ तोडून तिथेच खाल्ले तर पैसे पडत नाहीत. घरी न्यायचे तर वजन करून आपणच पेटीत पैसे टाकायचे. नातीने सफरचंद तोडले, आणि पाटाच्या कडेला बसून आम्ही पाचही जणांनी ते वाटून खाल्ले.

जावयांनी मात्र त्या दिवसापासून एक सवय लावून घेतली आहे. कच्च्या रस्त्याला लागण्यापूर्वी ते खाली उतरतात आणि चिमूटभर माती भिजवून पाहतात. परवा फोनवर तसे सांगत होते. आपल्या शेतकऱ्याला हे ज्ञान आजोबापणजोबांकडून मिळालेले असते. घरातल्या शहरात शिकणाऱ्या पोरांनाही एकदा बांधावर नेऊन ते हातात द्यावे.