कल्याणच्या तळ्यातले मऊ पाठीचे कासव

कामानिमित्त ठाण्याला गेलात, तर स्टेशनजवळच्या मासुंदा तळ्याकाठी घटकाभर बसा. शेजारी कौपिनेश्वराचे देऊळ आहे. तळ्यांचे गाव म्हणून ठाण्याची जुनी ख्याती; आता कित्येक तळी बुजली. उरलेल्यांपैकी अनेकांना बांधीव काठ आले. दिसायला छान, पण कासवाला वर चढून अंडी पुरायला माती कोठे मिळणार?

पुढे कल्याणला गौरीपाड्याचे तळे आहे. जानेवारी २०२१ मध्ये येथे पन्नासाहून अधिक कासवे मरून काठाला लागली. चहूकडे वस्ती असलेल्या तळ्याचे पाणी बिघडले, की कासवाने जायचे कोठे? नदीतल्यासारखी दुसऱ्या डोहाची वाट येथे नाही.

ही कासवे तुमच्या ओळखीची आहेत. काळू, भातसा, उल्हास या नद्यांच्या काठची आणि गावतळ्यांवरची मंडळी ती नेहमी पाहतात. देवळातल्या दगडी कासवासारखी यांची पाठ खवल्यांची नसते. ती कातड्याने मढवलेली, गुळगुळीत असते. नाक छोट्या सोंडेसारखे पुढे आलेले. मागचे पाय आत ओढले, की पोटाकडची कातडी झडप दार लावल्यासारखी मिटते. ही झडप हीच पक्की खूण.

घाटावर, गोदावरी-कृष्णेच्या खोऱ्यांत, याचे थोरले भावंड राहते. त्याला झडप नसते आणि पाठ दोन फुटांपर्यंत वाढते. पिलाच्या पाठीवर डोळ्यांसारखे चार ठिपके असतात. १८७२ मध्ये पुण्याच्या नमुन्यावरून शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली व लीथ या डॉक्टरांचे नाव त्याला दिले. आज ते नामशेष होण्याच्या अगदी काठावर आहे. २०२२ मध्ये पनामा येथील परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून त्याच्या जागतिक व्यापारावर बंदी आली.

वीस नखांच्या कासवाने पैशांचा पाऊस पडतो, असे सांगत फिरणारे भोंदू तुमच्याही गावी येतील. मऊ पाठीच्या कासवाला पायागणिक तीन, म्हणजे अवघी बारा नखे! तेव्हा वीस मोजून दाखवणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. असे कासव पकडणे वा घरात पाळणे हा गुन्हा आहे. तीन ते सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड होतो.

आता तुमच्या शेताची गोष्ट. तळे आटले, की झडपेचे कासव चिखलात स्वतःला पुरून घेते व पावसाची वाट पाहते. नेमका तेव्हाच आपण गाळ उपसतो. सुपीक गाळ शेतात जायलाच हवा, पण यंत्राच्या तोंडाशी एक माणूस उभा करा. कासव निघाले, तर पाठीच्या मागच्या बाजूने धरा. मान लांब असते, कडकडून चावते. त्याच तळ्याच्या ओल्या भागात ते सोडा. जखमी असेल, तर वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा. काठाच्या मातीत गोल पांढरी अंडी लागली, तर ती न फिरवता पुन्हा मातीने झाका आणि तेवढी जागा यंदा खणू नका.