कंपाचें निदान

रोग बरा करणें हें वैद्याचें उत्तरार्धाचें काम होय. रोग ओळखणें हें पूर्वार्धाचें, आणि तेंच अधिक कठीण. आपल्याकडील वैद्यकानें हेतु, पूर्वरूप, रूप, उपशय व संप्राप्ति अशीं निदानाचीं पांच अंगें सांगितलीं आहेत, तीं उगीच नव्हेत. ज्यास औषध देण्याची घाई झालेली असते, तो रोग्याचें म्हणणें पुरतें ऐकूनहि घेत नाहीं. हा न्याय केवळ मनुष्यदेहालाच लागू आहे असें नाहीं. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या घरच्या मोटारीस जो विकार जडला, त्याच्या शोधांत या जुन्या शास्त्रांचा मोठा उपयोग झाला. तो वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त आठवड्यांतून दोन वेळां पुण्याहून मुंबईस जातात. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पूर्णपणें खुला झाला. सुमारें ९४ किलोमीटरांचा हा सिमेंटचा रस्ता सपाटीवर ताशीं १०० किलोमीटर वेगाची मोकळीक देतो. पूर्वींच्या रस्त्यांवर खड्डे, बैलगाड्या आणि फाटकें यांमुळें मोटारीला तसला वेग गांठण्याची संधीच क्वचित् मिळे. त्यामुळें तिचे कित्येक दोष झांकून राहत. आतां ते उघडे पडतात. आमची गाडी ताशीं ७० पर्यंत अगदीं शांत असे. ८५ च्या पुढें ती थरथरूं लागे, ९५ ला कंप पराकाष्ठेस जाई आणि १०५ च्या सुमारास कांहींसा ओसरे.

एका कारखान्यांत गाडी दाखविली. तेथील मुख्य कारागिरानें ती खालून पाहून चारहि शॉक ॲब्सॉर्बर व त्यांच्या सोबतचे सर्व रबरी भाग बदलण्यास सांगितलें. खर्चाचा अंदाज माझ्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाहून अधिक होता. दुसऱ्या ठिकाणीं सांगण्यांत आलें कीं, सिमेंटच्या रस्त्यावर असें व्हावयाचेंच, तिकडे लक्ष देऊं नये. एकाचें मत सर्वस्व बदला, दुसऱ्याचें कांहींच करूं नका! दिवाळीस सूनबाई आणि दोन्ही नातवंडें याच गाडींतून माहेरीं जावयाचीं होतीं. पैसा वांचवावा तर जीव टांगणीला, आणि पैसा खर्चावा तरी दोष जाईल याची शाश्वती नाहीं, अशी ही अडचण होती.

चिरंजीव मला म्हणाले, “नाना, तुम्हांला यंत्रांतलें काय कळणार? त्यापेक्षां सांगतात तें करून टाकूं.”

मीं म्हटलें, “अरे, यंत्रांतलें कळत नसेल, पण कारण कशास म्हणावें हें तर कळतें! मला चार प्रश्न विचारूं दे.”

ज्यांनीं अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह चाळला असेल, त्यांना अन्वय आणि व्यतिरेक हे शब्द परिचित असतील. एक असतां दुसरें असणें हा अन्वय. एक नसतां दुसरें नसणें हा व्यतिरेक. दोन्ही जुळले तरच कार्यकारणाचा संबंध धरावयाचा. नैयायिकांनीं येथें कुंभाराच्या गाढवाचा मार्मिक दाखला दिला आहे. माती गाढवावरून आली म्हणून गाढव घटाचें कारण ठरत नाहीं; तें नुसतें सोबत असतें. आमच्या गाडीचे शॉक ॲब्सॉर्बर जुने होते हें खरें. पण तितकेच जुने ते शेजाऱ्यांच्या गाडींतहि आहेत आणि ती थरथरत नाहीं. तेव्हां तें गाढव असण्याचाच संभव अधिक होता.

एका सकाळीं वही घेऊन मी चिरंजीवांच्या शेजारीं बसलों. पहिला प्रश्न असा कीं, कंप एंजिनाचा कीं चाकांचा? एकाच वेगानें आधीं चौथ्या आणि मग पांचव्या गिअरमध्यें गाडी चालविली. एंजिनाचे फेरे बदलले, कंप बदलला नाहीं. दुसरा प्रश्न, भार पडला कीं वाढतो काय? ॲक्सिलरेटरवरील पाय काढला तरी थरथर तशीच. म्हणजे चाकांना गति देणाऱ्या दांड्यांचे सांधे बहुधा निर्दोष. तिसरा प्रश्न, ब्रेक लावतांना वाढतो काय? नाहीं, म्हणजे ब्रेकच्या तबकड्याहि सुटल्या. चौथा प्रश्न, तो जाणवतो कोठें? स्टिअरिंग जवळजवळ स्थिर होतें. बैठक आणि पायांखालची भूमि थरथरत होती. स्टिअरिंग हललें असतें तर संशय पुढील चाकांवर गेला असता; बैठक हलली म्हणून तो मागील चाकांवर गेला. पैसा एकहि न खर्चितां क्षेत्र असें अर्ध्याहून कमी झालें.

येथें थोडें गणित सांगणें अवश्य आहे. आमच्या चाकाचा परीघ सुमारें १.८३ मीटर. ताशीं ९० किलोमीटर म्हणजे सेकंदास २५ मीटर. तेव्हां चाक सेकंदाला तेरा-चौदा वेळां फिरतें. त्याच्या लोखंडी कडेवर एका बाजूस ३० ग्रॅम वजन जास्त असलें, तर या वेगास त्याची बाहेरची ओढ सुमारें ४ किलो वजनाइतकी होते, आणि ती प्रत्येक फेऱ्यास दिशा बदलते. ताशीं ३० च्या वेगास तीच ओढ नवव्या हिश्शानें, म्हणजे अर्ध्या किलोहून कमी असते. शिवाय प्रत्येक झोपाळ्याची जशी स्वतःची लय असते, तशी गाडीच्या चाकांचीहि असते. धक्के त्या लयीशीं जुळले कीं कंप वाढतो. वेग त्यापुढें गेला कीं लय चुकते व कंप ओसरतो. ९५ ला पराकाष्ठा आणि १०५ ला उतार कां, याचा उलगडा यांत आहे.

मग चाकें पाहिलीं. नट घट्ट होते. रिमच्या आंतील बाजूस चिखल नव्हता. कोंकणांतून आलेल्या गाडीच्या चाकांत तांबडी माती वाळून बसली तर तेवढ्यानेंहि चाकाचा तोल जातो, आणि तो नुसत्या पाण्यानें धुऊन परत येतो. नंतर चारहि चाकांचें बॅलन्सिंग करून घेतलें. मागील डाव्या चाकास २५ ग्रॅमचा तुकडा लावावा लागला. कंप कमी झाला, पण गेला नाहीं.

येथें पुष्कळजण थांबतात. आम्हीं पुढील व मागील चाकांची अदलाबदल केली, आणि काय आश्चर्य! थरथर बैठकींतून स्टिअरिंगमध्यें आली. दोष चाकाबरोबर पुढें आला, याचा अर्थ तो चाकांतच होता, आंसांत नव्हता. मग डाव्या चाकाच्या जागीं स्टेपनी बसविली. कंप नाहींसा झाला. जुनें चाक पुनः लावलें. कंप परत आला. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही पूर्ण झाले. (आमची स्टेपनी इतर चाकांच्याच मापाची आहे. हल्लीं कित्येक गाड्यांना अरुंद स्टेपनी देतात व तिच्यावर ताशीं ८० ची मर्यादा छापलेली असते; तिनें हा प्रयोग करूं नये.)

तें चाक जॅकवर उचलून त्याच्या पृष्ठाजवळ खडू स्थिर धरला व चाक हातानें फिरविलें. एका ठिकाणीं टायर खडूला घासे, अन्यत्र फट राही. बॅलन्सिंगचें साधें यंत्र वजन मोजतें, गोलाई नव्हे. म्हणून त्यास हें दिसलें नव्हतें. टायरवरील चार अंक २३१८ असे होते, म्हणजे तो २०१८ सालच्या २३ व्या आठवड्यांत बनलेला. वरची नक्षी शाबूत असल्यानें त्याच्या वयाकडे कोणाचें लक्ष गेलें नव्हतें. टायरवाल्यानें तो काढून कापला तेव्हां आंतील पोलादी तारांचा थर वीतभर लांबीवर रबरापासून सुटलेला आढळला. पावसाळ्यांतील एखाद्या खड्ड्याचा तो प्रसाद असावा. असा टायर वेगानें तापला कीं त्याचें कवच फाटतें अथवा तो फुटतो, आणि भर वेगांत गाडी आवरणें कठीण होतें. हें ऐकतांना सूनबाईंनीं धाकट्या नातीस जवळ ओढून घेतलें. कोणीच कांहीं बोललें नाहीं.

पुढील दोन्ही टायर नवे घेतले. सांगितलेल्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्शांत काम झालें. चारहि शॉक ॲब्सॉर्बर बदलले असते, तर पैसा जाऊन तोच टायर तेथेंच राहिला असता.

वाचकांस माझें सांगणें इतकेंच आहे. गाडी कंप पावूं लागली तर तो कोणत्या वेगास, कोठें आणि काय केलें असतां होतो, हें कारखान्यांत जाण्यापूर्वीं कागदावर टिपून न्यावें. टायरच्या आंतील बाजूस फुगवटा दिसल्यास त्यावर एक मैलहि जाऊं नये. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार एकदम बदलल्या तर गुण कोणाचा हें कधींच कळत नाहीं. आणि सवय झाली म्हणून कोणताहि कंप स्वाभाविक मानूं नये. यंत्राला वाचा नाहीं. थरथरणें हेंच त्याचें बोलणें आहे. घरांतील मुकीं माणसेंहि कांहीं वेळां याच भाषेंत बोलतात. त्यांनाहि औषधापूर्वीं चार प्रश्न विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत धीर धरावा.