शिलाँगचा गुलाबी नोव्हेंबर

चेरीचा बहर म्हटलं की डोळ्यांपुढे येतो जपान आणि तिथला वसंत. पण आपल्याच देशात, मेघालयाच्या राजधानीत, शिलाँगला चेरी फुलते ती चक्क नोव्हेंबरात! आपल्याकडे दिवाळीचे आकाशकंदील उतरतात, त्या सुमारास खासी टेकड्यांवरची ही झाडं गुलाबी होऊ लागतात. ही जपानी चेरी नव्हे, हिमालयातली रानचेरी. आयुर्वेदात पद्मक किंवा पद्मकाष्ठ म्हणून जिचं नाव येतं, तीच ही. म्हणजे पाहुणी नाही, घरचीच! २०१६ पासून शिलाँगमध्ये तिच्या बहराचा महोत्सव भरू लागला.

सव्वादोन वर्षांच्या मुलीला घेऊन तिकडे जायचं ठरलं, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "एवढ्या लांब नेऊन त्या लेकराला काय कळणार?" प्रश्न रास्त होता. उत्तर कुणापाशीच नव्हतं. शेवटी त्याही आमच्याबरोबर निघाल्या.

गुवाहाटीपासून शिलाँग सुमारे शंभर किलोमीटर. रस्ता चढणीचा आणि वळणावळणांचा. लहान मुलांना अशा रस्त्यावर मळमळतं, म्हणून निघताना पोटभर खाऊ घालू नये. वाटेत नाँगपोला थांबून पाय मोकळे करावेत. शिलाँग जवळ आलं की डाव्या-उजव्या टेकड्यांमधून उमियमचा विस्तीर्ण जलाशय दिसतो. तिथं पाच मिनिटं थांबलं की मूल ताजंतवानं होतं आणि मोठेही!

शिलाँग सुमारे पंधराशे मीटर उंचीवर आहे. नोव्हेंबरात दिवसा ऊन छान लागतं, पण रात्री स्वेटर, कानटोपी हवीच. शिवाय हा देशाचा पूर्वेकडचा कोपरा. साडेपाच-पावणेसहाला उजाडतं आणि दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. पहाटेच जागं होणाऱ्या बाळांच्या आईवडिलांना ही मोठीच सोय!

सकाळी बाग उघडताच आम्ही वॉर्ड्‌स लेकला पोचलो. घोड्याच्या नालेच्या आकाराचं ते तळं, मध्ये लाकडी पूल, भोवती फिरायच्या वाटा आणि काठाला फुललेली चेरी. आम्ही सगळे माना वर करून पाहत होतो. मुलीचं मात्र वर लक्षच नव्हतं. तिची बाग खाली जमिनीवर होती! वाटेवर सांडलेली एकेक पाकळी उचलून ती कानटोपीत टाकत होती. टोपी भरली की आजीच्या पदरात रिकामी करायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पाऊण तास हा उद्योग चालला. आम्ही झाडं पाहून दहा मिनिटांत पुढे सरकलो असतो. तिच्यामुळे एका झाडाखाली पाऊण तास बसणं झालं.

शिलाँगचे रस्ते चढउतारांचे, जागोजागी पायऱ्या. बाबागाडी तिथं निरुपयोगी. परतताना मुलगी "उचल, उचल" करू लागली. शेजारच्या बाकावर एक वयस्क खासी बाई बसल्या होत्या. अशा बाईंना तिथं आदरानं 'काँग' म्हणतात. त्या उठल्या, सासूबाईंची शाल मागून घेतली आणि मुलीला माझ्या पाठीशी असं बांधून दिलं, की माझे दोन्ही हात मोकळे! दोघी आज्यांना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी गाठ कुठं मारायची ते सासूबाईंनी बरोबर पाहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच बांधून दिलं. निघताना "खुब्लेई" म्हणावं. खासीत त्यानंच आभार मानतात.

अलीकडे या महोत्सवात संध्याकाळच्या गाण्याच्या कार्यक्रमांना फार महत्त्व आलं आहे. देशोदेशीचे गायक येतात, तरुणांची तुफान गर्दी होते. तो मोठा आवाज आणि रात्रीची थंडी बाळांना मानवणारी नाही. आम्ही वाटणी केली. संध्याकाळी हे गाण्याला गेले आणि आम्ही तिघी खोलीवर संत्री सोलत बसलो. नोव्हेंबरात खासी संत्री बाजारात येऊ लागतात. तांदळाच्या पिठाचा मऊ, पांढरा 'पुथारो' मिळाला तर जरूर घ्या, मुलांना सहज चावतो. भात आणि मांस एकत्र शिजवलेला 'जाडो' मोठ्यांसाठी.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महोत्सवाची तारीख माणसं ठरवतात, बहराची हवामान. एखाद्या वर्षी फुलं आधी येतात, एखाद्या वर्षी उशिरा, आणि बहर टिकतो थोडेच दिवस. म्हणून दोन-तीन दिवस हाताशी ठेवूनच जावं. आणि लहान मूल बरोबर असेल तर पाहायच्या ठिकाणांची लांबलचक यादी करूच नये. दिवसाला एक ठिकाण, तेही सकाळी. बाकीचा वेळ त्याच्या पावलांनी चालावं. फुलांचं नाव त्याच्या लक्षात राहणार नाही, पण भर थंडीच्या तोंडावर फुललेल्या झाडाखाली आजीच्या पदरात पाकळ्या ओतायचं सुख त्याला मिळेल, आणि ते आजीच्या लक्षात राहील.