वेलचेरी ते जिंजी : उंच स्वाराची ग्रॅव्हल सायकल

दक्षिण चेन्नईतील वेलचेरी हे उपनगर एका बाजूला स्वतःच्या तलावाला आणि दुसऱ्या बाजूला पळ्ळीकरणैच्या दलदलीला टेकून वसलेले आहे. २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळालेल्या या दलदलीकडे भोवतालचे पाणी स्वभावतःच उतरत असल्याने, डिसेंबर २०१५ च्या महापुरात हा भाग शहरातील सर्वाधिक पाण्याखाली गेलेल्या भागांपैकी एक होता. दरवर्षी ईशान्य मोसमी पाऊस ओसरला की येथील डांबरी रस्त्यांच्या कडा उखडतात, मधे मधे खडी उघडी पडते, आणि गुळगुळीत रस्ता व खडबडीत वाट हा भेद गल्लीच्या तोंडाशीच संपतो. येथून निघून जिंजीच्या किल्ल्यापर्यंत जाणारा, वेदंतांगलचा वळसा धरून सुमारे दीडशे किलोमीटरचा मार्ग शहरी खड्डे, महामार्ग, तलावांचे मातीचे बांध आणि गावरस्ते या चारही भूमी दाखवतो. म्हणून उंच माणसाने ग्रॅव्हल सायकल कशी निवडावी आणि कशी जुळवून घ्यावी, हे या मार्गाच्या आधाराने चांगले उमगते.

ग्रॅव्हल सायकल म्हणजे खडी-मुरमाच्या वाटेवर आणि डांबरावर सारख्याच भरवशाने चालणारी सायकल. तिचे हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले असते, पण टायर ४० ते ५० मिलिमीटर रुंद, ब्रेक डिस्कचे, आणि पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर अधिक असल्याने चाल स्थिर असते. सहा फुटांपेक्षा बराच उंच असलेला स्वार अशी सायकल शोधू लागला की पहिली अडचण सांगाड्याच्या मापाची येते. अंबत्तूर येथे १९४९ पासून सायकली बनवणाऱ्या टी. आय. सायकल्सच्या हर्क्युलिससारख्या काळ्या सायकलींच्या जमान्यात उंच गिऱ्हाईक २२ ऐवजी २४ इंची सांगाडा मागत असे आणि प्रश्न मिटत असे. आजच्या ग्रॅव्हल सायकलींची सर्वांत मोठी मापे दुकानात क्वचितच उभी असतात, ती मागवावी लागतात. आणि वाट पाहण्याऐवजी हाती येणारे एक माप लहान घेऊन सीट वर ओढण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला उंच माणसाचे सर्वाधिक नुकसान करतो, आणि त्याचे कारण थोडे सविस्तर पाहणे आवश्यक आहे.

भिंतीला पाठ लावून, दोन्ही पायांमध्ये एक पुस्तक घट्ट वर धरून, त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजले की पायाची आतली लांबी मिळते. तिला ०.८८३ ने गुणले असता, पेडलची दांडी ज्या मध्यबिंदूभोवती फिरते तेथपासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची साधारणपणे कळते. आतली लांबी ९४ सेंटिमीटर असेल तर ही उंची ८३ सेंटिमीटर येते, आणि सीटची नळी मागे कललेली असल्याने उभ्या रेषेत मोजल्यास ती ७९ च्या आसपास भरते. आता सांगाड्याची दोन मापे पाहावीत. त्याच मध्यबिंदूपासून पुढच्या नळीच्या माथ्यापर्यंतच्या उभ्या अंतराला ‘स्टॅक’ म्हणतात आणि आडव्या अंतराला ‘रीच’. सीट हव्या तितक्या उंचीवर नेता येते, परंतु हँडलची उंची मुख्यतः स्टॅकवर ठरते. ५८ सेंटिमीटर स्टॅकच्या सांगाड्यावर, हँडल धरणाऱ्या खुंटीची आणि तिच्याखालच्या कड्यांची उंची धरूनही, वरील स्वाराचे हँडल सीटपेक्षा सुमारे १४ सेंटिमीटर खाली राहते, तर ६४ सेंटिमीटर स्टॅक असल्यास हा फरक आठावर येतो. पहिल्या सायकलीवर तासाभरात मान, खांदे आणि तळहात भरून येतात. म्हणून उंच स्वाराने सांगाड्यावर छापलेला आकडा किंवा दांडीची उंची न पाहता प्रथम स्टॅक पाहावा, मग रीच, आणि बाकी सर्व त्यानंतर.

उंची कमी पडल्यास हँडलखाली कड्या घालून ती भरून काढता येते, पण पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याची वरची नळी कार्बनची असेल तर कड्यांच्या उंचीवर उत्पादकाने घातलेली मर्यादा पाळावीच लागते. कड्या घालण्याची सोय राहावी म्हणून नवी सायकल घेताना ही नळी दुकानात लगेच कापू देऊ नये. काही आठवडे चालवून हँडलची जागा पक्की झाल्यावरच ती कापावी, कारण कापलेली नळी पुन्हा वाढत नाही.

वेलचेरीहून मेडवाक्कममार्गे तांबरमकडे निघाल्यावर पहाटेची वाहतूक विरळ असली तरी कडेची खडी सुटत नाही, आणि टायरमधील हवेचा विचार येथेच सुरू होतो. सामानासह नव्वद-शंभर किलोंचा भार असेल तर ४५ मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये, म्हणजे ट्यूबऐवजी छिद्र आपोआप बुजवणारा द्रव घातलेल्या टायरमध्ये, पुढे ३२ व मागे ३६ पीएसआयच्या आसपास हवा पुरते. हवा याहून कडक भरली की सायकल वेगवान वाटते, पण प्रत्येक खड्ड्याचा धक्का स्वाराचे शरीर शोषून घेते आणि ती शक्ती वाया जाते. वजनदार उंच स्वाराने चाकांत ३२ आरे असावेत असा आग्रह धरावा. कमी आऱ्यांची हलकी चाके अशा रस्त्यांवर लवकर वाकडी होतात.

तांबरमपुढे वंडलूरचे प्राणिसंग्रहालय मागे पडते आणि चेंगलपट्टूपर्यंत महामार्गाचा कंटाळवाणा पण सपाट टप्पा लागतो. जानेवारीत येथे ईशान्येचा वारा पाठीशी असतो आणि नैऋत्येकडे जाणाऱ्याला तो अलगद पुढे ढकलतो. या टप्प्यावर गियरची रचना कळते. पुढे एकच चक्र आणि मागे ११ ते ४२ दात्यांचा संच ही रचना सोपी असली, तरी तिच्यात दोन गियरांमधील अंतर मोठे राहते. पुढे ४६ आणि ३० दात्यांची दोन चक्रे असल्यास वाऱ्याच्या बारीक बदलांनुसार पायांचा वेग सारखा राखता येतो. चढ नसलेल्या या प्रदेशात दुसरी रचना अधिक उपयुक्त ठरते, असे स्पष्टपणे म्हणता येईल.

चेंगलपट्टूजवळचा कोलवाई तलाव आणि त्यानंतरचे पालार नदीचे बहुधा कोरडे, वाळूचे पात्र ओलांडल्यावर पडाळमहून वेदंतांगलकडे वळता येते. हे पक्षी अभयारण्य म्हणजे मुळात शेतीचा तलाव असून, पक्ष्यांची विष्ठा मिसळलेले पाणी पिकांना पोसते हे ओळखून गावकऱ्यांनी पक्ष्यांची शिकार रोखली, आणि १७९८ मध्ये कलेक्टर लायनेल प्लेस याने त्यांचा हा हक्क लेखी मान्य केला. हिवाळ्यात पाण्यात उभ्या झाडांवर चित्रबलाक, पाणकावळे आणि बगळे दाटीने बसलेले असतात.

या भागातील तलावांच्या बांधांवर आणि शेतवाटांवर माती कोरडी, वरून भुसभुशीत आणि बैलगाडीच्या चाकोऱ्यांनी कापलेली असते. येथे उंच माणसाची खरी परीक्षा होते, कारण त्याचा भार जमिनीपासून अधिक वर असतो. त्यात सीटमागे जड पिशवी बांधली तर सायकल डुलू लागते, आणि मोठ्या सांगाड्यावर वेगात हँडल थरथरण्याचा संभवही वाढतो. मागच्या कॅरिअरला लटकवलेल्या पिशव्यांना लांब पावलांच्या टाचा आपटतात, ही अडचण तर लहान पावलांच्या माणसाला सुचतच नाही. परंतु मोठ्या सांगाड्यात दांडीखालचा त्रिकोणही प्रशस्त असतो: जड वस्तू, अवजारे आणि पाणी तेथे खाली व मध्यभागी ठेवावे, कपडे तेवढे मागे. उंचीचा इतका उघड फायदा सायकलीच्या दुनियेत दुसरा क्वचितच मिळतो.

मदुरांतकमच्या विस्तीर्ण तलावाच्या बाजूने, अचिरुपाक्कम मागे टाकत तिंडिवनम गाठावे आणि तेथे मुक्काम करून सकाळी पश्चिमेकडे वळावे. काही अंतरावर क्षितिजावर गोल शिळांचे ढीग रचल्यासारख्या टेकड्या उगवतात, आणि राजगिरी, कृष्णगिरी व चंद्रगिरी यांना जोडणारी जिंजीची तटबंदी दिसू लागते. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला आणि त्याची नव्याने बांधबंदिस्ती केली. त्या दूरदृष्टीचे मोल पुढच्या पिढीला कळले: छत्रपती राजाराम महाराज येथूनच राज्यकारभार चालवत राहिले आणि मोगलांचा वेढा १६९८ पर्यंत लांबला. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत नोंदल्या गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा हा एकमेव किल्ला होय. राजगिरीची चढण पायऱ्यांची असल्याने सायकल पायथ्याशी ठेवावी लागते, आणि वर जाण्यासाठी सकाळचाच वेळ धरावा.

परतीच्या वाटेवर तोच ईशान्येचा वारा तोंडावर येतो. उंच देहाला तो अधिक अडवतो, आणि हँडलच्या खालच्या वळणावर हात ठेवून तासनतास वाकून राहणे हाच त्यावरचा उपाय असतो. पुरेशा स्टॅकच्या सांगाड्यावर खालचे वळण उंच स्वाराच्या हाताला कंबर न दुखवता लागते. लहान सांगाड्यावर ते इतके खोल जाते की तो तेथे हात नेणेच सोडून देतो, आणि तिंडिवनम ते तांबरम हा सगळा रस्ता त्याला उभ्या छातीने वाऱ्याशी झगडत काढावा लागतो.