सशांचे हिवाळ्यातील खेळ

बीदर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० फूट उंचीवर आहे. डिसेंबरच्या रात्री येथे अंगाला झोंबतात. म्हणून आमच्या घरची मुले पाळलेल्या सशांना दिवसभर कोंडून ठेवू पाहतात. मी त्यांना सांगत असतो, "बाळांनो, दाट केसांच्या सशाला कोरडी थंडी फारशी बाधत नाही. त्याला घाम येत नाही. म्हणून त्याचा खरा वैरी आपला उन्हाळा होय." हिवाळ्यात भय असते ते ओल्या अंगाचे, बोचऱ्या वाऱ्याचे आणि कुत्र्याचे. कुत्र्याच्या नुसत्या धास्तीनेही ससा दगावू शकतो. यास्तव गवतावरील दव वाळल्यावर, भिंतीच्या आडोशाला, वरूनही जाळी घातलेल्या कुंपणात त्यांना सोडावे व एखाद्या वडीलधाऱ्याने जवळ बसावे. मुक्या जिवाला मोकळीक जरूर द्यावी. राखण मात्र सोडू नये.