आईच्या लुगड्याचा रुमाल

बुधवार पेठेतील आमचा जुना वाडा पाडायचा ठरला, तेव्हा खोल्या रिकाम्या करण्यास पंधरा दिवसांची मुदत मिळाली. भांडीकुंडी हलली, पवित्र कुटुंबाची तसबीर भिंतीवरून उतरली. शेवटी माळ्यावर राहिली ती बाबांची पत्र्याची ट्रंक.

बाबा पुस्तकबांधणी करीत. आप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या दुकानांची कामे ते घरी आणीत. खळीचा वास हाच आमच्या बालपणाचा वास. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या वह्या शिवल्या. स्वतःच्या घराचे कागद मात्र सुटेच राहिले होते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यात झालेल्या आजोबांच्या स्नानसंस्काराचा लॅटिन दाखला, लग्नाचे कागद, भाड्याच्या पावत्या आणि बाबांच्या हातची एक लांबट हिशेबवही.

त्या वहीच्या शेवटच्या पानावर जन्ममृत्यूच्या नोंदी होत्या. दादाचे नाव, माझे नाव आणि आम्हां दोघांच्या मध्ये एका मुलीचे नाव. पुढे दोन तारखा. दोन्हींत चौदा महिन्यांचे अंतर. आम्ही दोघेच भावंडे, असे मी साठ वर्षे समजत आलो होतो.

आमच्या धर्मग्रामात जुन्या कुटुंबांचे कागद जतन करण्यासाठी एक कपाट ठेवले आहे. ट्रंक तेथे द्यावी, असे मी म्हणालो. दादा गप्प राहिला, मग म्हणाला, “घरातलं दुःख कपाटात मांडून लोकांना कशाला दाखवायचं?” त्याचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. आपल्या समाजात पुष्कळ घरांना जुने कागद नकोसे वाटतात. त्यांत गरिबी असते, दुष्काळ असतो, मागे टाकलेली जात असते. माणसे कागद जाळतात ती नेहमीच अडाणीपणाने जाळतात असे नाही.

पण कागद गेल्यावर काय उरते, हे आमच्या पेठेने पाहिले आहे. १८७९ साली बुधवार वाडा आगीत भस्मसात झाला. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी जेथे मुलींची शाळा काढली, तो भिडे वाडा नव्या स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. वास्तू जाते; तिची साक्ष द्यायला कागदच लागतात. आणि आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्याचा आद्यग्रंथच घ्या ना. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, पुढे त्याच शतकात आणखी दोनदा. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. कोणी कोणी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्या घराघरांतून टिकल्या, म्हणून १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापता आले.

या विचारात असताना मेनोनाइट पंथीयांची हकिगत वाचनात आली. १५२५ साली झुरिकमध्ये उदयास आलेल्या चळवळीचे हे वारस. त्यांचा छळ करणाऱ्यांत प्रॉटेस्टंट होते तसे आपले कॅथलिकही होते, हे आपण विसरू नये. बालकांचा बाप्तिस्मा त्यांना मान्य नाही. म्हणून जन्माची नोंद कुटुंबाच्या बायबलात किंवा मंडळीच्या वहीत करायची. रशियाच्या दक्षिणेत वसलेल्या त्यांच्या वसाहतींचे कागद पीटर ब्राउन यांनी गोळा केले होते. १९२९ साली सोव्हिएत सरकारने ते जप्त केले. सारे नष्ट झाले असेच लोक धरून चालले. आणि १९९० साली ते ओडेसाच्या सरकारी दप्तरखान्यात सापडले! याच पंथाचे अमेरिकन मिशनरी १८९९ मध्ये, दुष्काळाच्या काळात, धमतरीला आले होते. म्हणजे ही माणसे आपल्याला तशी फार दूरची नाहीत.

आपल्याकडे ट्रेंट परिषदेपासून नोंदवह्यांचा दंडक आहे. स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी समास सोडलेला असतो. दृढीकरण, विवाह पुढे त्यात लिहितात. आमच्या धर्मगुरूंनी कपाटातून जुनी वही काढली. बहिणीची नोंद सापडली. तिच्या नावाशेजारचा समास कोरा होता.

त्या संध्याकाळी मी आईजवळ बसलो. ती शहाऐंशी वर्षांची आहे. मी ते नाव उच्चारले. ती बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “तुझे बाबा दर रविवारी तिच्या मातीवर थांबायचे. पुढं जागा कमी पडली, तिथं दुसऱ्या कुणाला पुरलं. मग आम्ही दोघांनी नावच घेणं सोडलं.”

दादाची अडचण मी तिला सांगितली. ती म्हणाली, “माती गेली, आता घरही जातंय. तिनं राहायचं तरी कुठं? देऊन टाका.” हे दादानेही ऐकले. पुढे तो काही बोलला नाही. गुडघ्यावर बसून कागदांच्या गंजलेल्या टाचण्या काढू लागला.

कागद आम्ही सारखे केले. चिकटपट्टी लावली नाही, प्लॅस्टिकमध्ये घातले नाहीत. प्रत्येकाची ओळख वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिली. पेशवे दप्तरातील कागद कापडात बांधून ठेवीत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. आईने आपले जुने, मऊ सुती लुगडे फाडून दिले. त्यात सारे बांधले.

रविवारी मिस्सा आटोपल्यावर रुमाल आम्ही धर्मगुरूंच्या हाती दिला. त्यांनी आवक वहीत नोंद केली आणि दादाला सही करायला सांगितले. सही करण्यापूर्वी दादाने विचारले, “फादर, भावंडं किती, तेही लिहायचं का?”

“लिहा ना.”

दादाने लिहिले : तीन.